नैसर्गिक वायूचे उत्खनन आणि भूजल : जोखमीचे मूल्यमापन

जमिनीच्या पोटातील नैसर्गिक वायू वर आणावयाचा म्हणजे भूजलाच्या थरांतून वाट काढावी लागते. गावाची विहीर ज्या थरातून पाणी घेते, तो थर बहुधा पृष्ठभागाजवळ असतो आणि वायू त्याच्या पुष्कळ खाली असतो. वायूसाठी खणलेला प्रत्येक कूप या वरच्या थराला छेदूनच खाली उतरतो. वायू हा कोळसा व तेल यांच्या मानाने स्वच्छ जळणारे इंधन आहे. खतनिर्मिती, वीजनिर्मिती व घरगुती इंधन या तिन्ही दृष्टींनी त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ज्या भागात हे कूप खणले जातात, तेथील शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो : आपल्या विहिरीच्या पाण्याचे काय होणार?

या प्रश्नाचे उत्तर ‘काही होणार नाही’ अशा आश्वासनाने देता येत नाही, तसेच ‘सर्वनाश होईल’ अशा भीतीनेही देता येत नाही. त्यासाठी जोखमीचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन करावे लागते. ही पद्धती कोणती, तिच्या मर्यादा कोणत्या आणि अन्य देशांच्या अनुभवावरून कोणता बोध घ्यावा, याचा येथे विचार केला आहे.

वायूचे दोन प्रकारचे साठे

काही ठिकाणी वायू सच्छिद्र वालुकाश्मात साठलेला असतो आणि त्यावर अपार्य खडकाचे झाकण असते. कूप त्या थरापर्यंत पोहोचला की वायू स्वतःच्या दाबाने वर येतो. गुजरातेतील खंभातच्या खोऱ्यातील साठे या वर्गात मोडतात. लुणेज येथे १९५८ मध्ये व अंकलेश्वर येथे १९६० मध्ये लागलेल्या शोधांमुळे हे खोरे देशाच्या तेल-वायूच्या नकाशावर आले.

दुसऱ्या प्रकारात वायू कोळशाच्या थरांतच अडकलेला असतो. मिथेनचे कण कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि कोळशाच्या भेगांतील पाण्याचा दाब त्यांना तेथे धरून ठेवतो. हा वायू सोडवावयाचा तर प्रथम ते पाणी उपसावे लागते. पाणी उपसले की दाब उतरतो, दाब उतरला की वायू सुटतो. म्हणून अशा कूपातून आरंभी पुष्कळ पाणी व थोडा वायू येतो. पुढे पाणी कमी होत जाते व वायू वाढत जातो.

पहिल्या प्रकारात भूजलाला बाधा पोहोचली तर तो अपघात किंवा हलगर्जीपणा असतो. दुसऱ्या प्रकारात भूगर्भातील पाणी उपसणे हा उत्पादनक्रियेचाच भाग आहे. म्हणून तेथे ‘परिणाम होईल का?’ असे न विचारता ‘परिणाम कोठवर, किती आणि किती काळ?’ असे विचारावे लागते.

धोका आणि जोखीम

व्यवहारात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. मूल्यमापनात त्यांत भेद करतात. एखाद्या वस्तूत अपाय करण्याची जी अंगभूत शक्ती असते, तो धोका. तो अपाय प्रत्यक्षात घडण्याची शक्यता आणि घडल्यास होणाऱ्या हानीचे मान, या दोहोंचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. टाकीत बंद असलेले आम्ल धोकादायक आहे; परंतु टाकी मजबूत असेल आणि आसपास वस्ती किंवा पाणी नसेल, तर जोखीम अल्प असते.

जोखीम निर्माण होण्यास तीन कड्या जुळाव्या लागतात. पहिली कडी उगमाची : खारे पाणी, मिथेन, रसायने किंवा दाबातील घट. दुसरी मार्गाची : खडकातील भेग, सदोष कूप, गळका तलाव. तिसरी बाधित होणाऱ्याची : विहीर, झरा, पीक, जनावरे, माणसे. यांपैकी एक कडी जरी निश्चितपणे तुटलेली असली, तरी जोखीम उरत नाही. मूल्यमापन करणाऱ्याने प्रत्येक संभाव्य साखळी कागदावर मांडून कोणती कडी कशामुळे तुटलेली आहे हे पुराव्यानिशी दाखवावयाचे असते. ‘खडक अपार्य आहे’ एवढे विधान पुरेसे नाही; तो कोठे, किती जाडीचा आणि किती अंतरापर्यंत सलग आहे, हे सांगावे लागते.

भूजलाकडे जाणारे चार मार्ग

पहिला मार्ग कूपाच्या बाजूने जातो. खणलेल्या भोकात पोलादी आवरणनळी बसवून तिच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरतात. पिण्याच्या पाण्याचे थर जेथे संपतात, त्याच्याही खालपर्यंत हे वेष्टण सलग असावे लागते. सिमेंटमध्ये पोकळी राहिली, ते आकसले वा तडकले, तर खालचा वायू नळीच्या बाहेरून वर सरकतो. कूप बंद केल्यावरही हा मार्ग खुला राहू शकतो. म्हणून जुन्या सोडून दिलेल्या कूपांची नोंद ही नव्या प्रकल्पाच्या अभ्यासातील महत्त्वाची बाब आहे.

दुसरा मार्ग दाबातील घटीचा. कोळशाच्या थरातील दाब उतरला की वरच्या व खालच्या जलधरांतील पाणी त्या दिशेने झिरपू लागते. येथे पाणी दूषित होत नाही, पातळी खाली जाते. उथळ विहीर कोरडी पडते किंवा पंप अधिक खोल उतरवावा लागतो.

तिसरा मार्ग पृष्ठभागावरचा. वर आलेल्या पाण्यात बहुधा क्षार, विशेषतः सोडियम, अधिक असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅम असावे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते. कोळशाच्या थरातील पाण्यात हे प्रमाण कित्येकदा याहून पुष्कळ अधिक आढळते. असे पाणी काळ्या चिकणमातीच्या रानात सोडले तर सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, निचरा थांबतो आणि जमीन चोपण होते. चोपण झालेली जमीन पूर्वपदावर आणण्यास जिप्सम, गोडे पाणी व कित्येक वर्षांचा काळ लागतो, हे कालव्याखालच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

चौथा मार्ग खडक भेगाळण्याच्या क्रियेशी निगडित आहे. वायू सुटा व्हावा म्हणून पाणी, वाळू व अल्प प्रमाणात रसायने यांचे मिश्रण मोठ्या दाबाने खाली सोडून खडकाला भेगा पाडतात. सार्वजनिक चर्चेत या क्रियेला सर्वांत अधिक जागा मिळते. वस्तुतः भेगा वरपर्यंत पोहोचण्यापेक्षा रसायने सांडणे, परत आलेले पाणी गळणे किंवा कूपाचे वेष्टण सदोष असणे, हे मार्ग व्यवहारात अधिक संभवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंतिम अहवालात हेच दिसून येते. विशिष्ट परिस्थितीत या उद्योगाचा पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि त्या परिस्थितींत सांडपाणी, सदोष कूप व अपुरी प्रक्रिया यांचा स्पष्ट समावेश होता.

क्वीन्सलँडचा अनुभव

दुसऱ्या मार्गाचा, म्हणजे दाबातील घटीचा, सर्वांत पद्धतशीर अभ्यास ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात झालेला आहे. तेथील सुरात खोऱ्यात (नावाचे साम्य असले तरी गुजरातेतील सुरत शहराशी याचा संबंध नाही) कोळशाच्या थरांतील वायूचे विस्तीर्ण क्षेत्र आहे. हे खोरे ग्रेट आर्टेशियन बेसिन या महाकाय भूजल-प्रणालीचा भाग आहे. तिचा विस्तार सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पटींइतका आहे. त्या कोरड्या प्रदेशातील पशुपालन या पाण्यावर उभे आहे.

वायू देणारे कोळशाचे थर तेथे दोन वालुकाश्मांच्या मध्ये दडलेले आहेत. वर स्प्रिंगबोक व खाली हटन या नावाचे वालुकाश्म असून दोन्ही पाणी देणारे आहेत. शिवाय काही भागात कोंडामाइन नदीचा सुपीक गाळ जवळजवळ थेट या कोळशाच्या थरांवर पसरलेला आहे आणि त्यातील विहिरींवर मोठी बागायत चालते. वायूचे परवाने एकाहून अधिक कंपन्यांकडे होते. प्रत्येक कंपनीने आपापल्या कूपांपुरता परिणाम मोजला असता, तर सर्वांचा एकत्रित भार कोणाच्याच अहवालात दिसला नसता.

म्हणून २०११ मध्ये शासनाने सुरात खोरे व त्यालगतचा भाग एकत्रित व्यवस्थापनाचे क्षेत्र म्हणून घोषित केले. सर्व कंपन्यांच्या कूपांचा एकत्रित परिणाम काढण्याचे काम एका स्वतंत्र शासकीय कार्यालयाकडे आले. २०१२ च्या पहिल्या अहवालाने संगणकीय प्रतिमानाच्या आधारे पुढील अनुमान मांडले : ८५ विहिरींत तीन वर्षांच्या आत, तर दीर्घ काळात एकूण ५२८ विहिरींत पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक खाली जाईल.

ही मर्यादा आधीच कायद्याने ठरवलेली होती. घट्ट खडकातील जलधरासाठी ५ मीटर, सुट्या वाळूच्या वा गाळाच्या जलधरासाठी २ मीटर आणि झऱ्यांच्या बाबतीत अवघी ०.२ मीटर. ज्या विहिरीत मर्यादा ओलांडली जाण्याचे अनुमान असेल, तेथे कंपनीने मालकाशी करार करून विहीर खोल करून देणे, नवी खणून देणे किंवा अन्य भरपाई देणे बंधनकारक ठरले. विहीर आटल्यावर शेतकऱ्याने पुरावा गोळा करीत फिरावे, ही नेहमीची रीत येथे उलटी झाली. अनुमान पुढे, जबाबदारीची निश्चिती त्याबरोबर आणि घट त्यानंतर, असा क्रम लागला.

अहवाल दर तीन वर्षांनी नव्या निरीक्षणांच्या आधारे पुन्हा केला जातो आणि बाधित विहिरींची संख्या त्याप्रमाणे बदलते. हा बदल म्हणजे पहिल्या अभ्यासाचे अपयश नव्हे. भूगर्भाविषयीचे ज्ञान क्रमाक्रमानेच वाढते आणि त्यानुसार निष्कर्ष सुधारण्याची तरतूद असणे, हेच चांगल्या मूल्यमापनाचे लक्षण होय. पाण्याच्या बाबतीत मात्र सारे प्रश्न सुटले, असे म्हणता येत नाही. खारे पाणी उघड्या तलावांत वाफवून टाकण्याची जुनी पद्धत मुख्य उपाय म्हणून वापरण्यास तेथे २०१० पासून मनाई झाली. पाणी शुद्ध करून शेतीस देण्यात येऊ लागले. परंतु शुद्धीकरणानंतर उरणाऱ्या मिठाच्या राशी कोठे ठेवावयाच्या, ही अडचण कायम राहिली.

एक छोटे गणित

अशा अभ्यासातील अनिश्चितता कशी असते, हे एका साध्या उदाहरणावरून समजते. फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने १८५६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, झिरपणारे पाणी हे खडकाची पार्यता आणि जलदाबाचा उतार यांच्या गुणाकाराइतके असते.

समजा, विहिरींचा जलधर व कोळशाचा थर यांच्यामध्ये २० मीटर जाडीचा चिकणमातीचा खडक आहे. उपशामुळे दोहोंच्या जलदाबात १०० मीटरचा फरक पडला. म्हणजे उतार १०० भागिले २०, अर्थात ५ झाला. मधल्या खडकाची उभी पार्यता दिवसाला ०.००००१ मीटर धरली, तर झिरप दिवसाला ०.००००५ मीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १८ मिलिमीटर येतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर त्याचे वर्षाला १८,२५० घनमीटर, म्हणजे दिवसाला ५०,००० लिटर पाणी होते. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या प्रमाणाने ते सुमारे ९०० वस्तीच्या गावाचे रोजचे पाणी आहे.

आता तीच पार्यता दहापट धरली, तर आकडाही दहापट होतो. खडकाच्या उभ्या पार्यतेच्या मोजणीत दहापटीचा फरक पडणे मुळीच दुर्मीळ नाही. एखादा जुना भंग त्या खडकातून गेला असेल, तर सारे गणितच बदलते. म्हणून चांगला अहवाल एकच आकडा देऊन थांबत नाही. कमीत कमी व जास्तीत जास्त अशा दोन्ही मर्यादा देतो आणि कोणत्या मोजणीने अंतर कमी होईल ते सांगतो.

काळाचाही विचार असाच करावा लागतो. वालुकामय थरात पार्यता दिवसाला १ मीटर, उतार हजारास एक आणि सच्छिद्रता दहा टक्के असेल, तर पाणी दिवसाला एक सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला साडेतीन मीटरांहून थोडे अधिक सरकते. अर्ध्या किलोमीटरवरील विहिरीपर्यंत दूषित पाणी पोहोचण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतील. पाच वर्षांच्या तपासणीत काही सापडले नाही, म्हणून सर्व ठीक आहे असा निष्कर्ष तेथे काढता येत नाही. उलट, भेगाळलेल्या कठीण खडकात तेच अंतर काही दिवसांतही कापले जाऊ शकते. यास्तव तपासणीचा कालावधी खडकाच्या जातीवरून ठरवावयाचा असतो, परवान्याच्या मुदतीवरून नव्हे.

आधीची नोंद नसेल तर

अमेरिकेतील दोन गावांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. वायोमिंग राज्यातील पॅव्हिलियन येथे विहिरींच्या पाण्याला वास व चव येत असल्याच्या तक्रारींवरून संघीय पर्यावरण संस्थेने तपासणी केली, निरीक्षण विहिरी खणल्या आणि डिसेंबर २०११ मध्ये एक मसुदा अहवाल प्रसिद्ध केला. वायूच्या कूपांशी संबंध असण्याची शक्यता त्यात व्यक्त झाली. त्यावर तीव्र मतभेद झाले, २०१३ मध्ये पुढील तपास राज्याकडे सोपविण्यात आला आणि त्यानंतर आलेल्या अभ्यासांतही एकवाक्यता झाली नाही. वादाच्या मुळाशी एक साधी उणीव होती : कूप खणण्यापूर्वी त्या विहिरींचे पाणी कसे होते, याची पुरेशी नोंदच नव्हती.

पेनसिल्व्हेनियातील डिमॉक येथे १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत स्फोट झाला. विहिरीत साठलेला मिथेन हे त्याचे कारण होते. त्या परिसरात मिथेन निसर्गतःही आढळतो. त्यामुळे तो कोठला, हा वाद उभा राहिला. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा ईशान्य भाग व लगतचे न्यूयॉर्क राज्य येथील ६० विहिरींचे पाणी तपासले. त्यांपैकी ५१ विहिरींत मिथेन होता. वायूचे कूप चालू असलेल्या भागात त्याचे सरासरी प्रमाण लिटरला १९.२ मिलिग्रॅम, तर अन्यत्र १.१ मिलिग्रॅम आढळले. कार्बनच्या समस्थानिकांवरून कूपांजवळचा वायू खोल थरातील असल्याचे दिसले. मात्र खडक भेगाळण्याच्या रसायनांचा पुरावा त्या पाण्यात मिळाला नाही. म्हणजे संशयाची सुई भेगांपेक्षा कूपांच्या सदोष वेष्टणाकडे वळली.

या दोन्ही प्रकरणांचा बोध एकच आहे. आधीची नोंद नसली की शेतकऱ्यास आपली हानी सिद्ध करता येत नाही आणि निर्दोष असलेल्या उद्योगासही आपली निर्दोषता सिद्ध करता येत नाही. दोन्ही पक्षांचे त्यात नुकसान आहे.

मध्य भारतातील संदर्भ

भारत सरकारने कोळसा थरातील मिथेनविषयीचे धोरण १९९७ मध्ये आखले. पश्चिम बंगालमधील राणीगंज क्षेत्रात २००७ मध्ये व्यापारी उत्पादनास प्रारंभ झाला. मध्य प्रदेशातील शहडोल भागातील सोहागपूर कोळसाक्षेत्रात २०१७ पासून हा वायू काढला जात आहे. तेथील कोळसा गोंडवाना काळातील बराकर खडकांत आहे. या खडकमालेत वालुकाश्माचे थर असून ते भूजलही देतात. क्वीन्सलँडमध्ये विचारला गेलेला प्रश्न, म्हणजे कोळशाचा थर आणि पाणी देणारा वालुकाश्म यांच्यामधील पडदा किती घट्ट आहे, हा येथेही अगत्याचा आहे.

कायद्याची चौकट आपल्याकडे आहे. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याच कायद्यान्वये १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. २००६ च्या अधिसूचनेनुसार वायू-उत्पादनाच्या प्रकल्पास पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीने केवळ अन्वेषणाचा टप्पा सौम्य वर्गात गेला. त्यामुळे अन्वेषणाचा पहिला कूप खणण्यापूर्वीच आसपासच्या विहिरींची नोंद करून ठेवण्याचे महत्त्व वाढले आहे. कारण थराला पहिला छेद तेव्हाच जातो.

गावपातळीवर करावयाची कामे

मूल्यमापन हे तज्ज्ञांचे काम असले, तरी त्याचा पाया स्थानिक माहितीवर असतो. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत वा शेजारी असे कूप येणार असतील, त्यांनी पुढील गोष्टी वेळीच कराव्यात.

१. गावातील प्रत्येक विहीर, विंधण विहीर व झरा यांची यादी करावी. खोली, बांधणीचे वर्ष, पंपाची खोली आणि पाणी कोणत्या थरातून लागले, हे लिहून ठेवावे.

२. पाण्याची पातळी वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, मोजावी. निदान दोन वर्षांची नोंद हाती असल्याशिवाय पावसाच्या चढउतारापासून उपशाचा परिणाम वेगळा ओळखता येत नाही.

३. पाण्याचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. एकूण क्षार, सोडियम, क्लोराइड यांबरोबर विरघळलेल्या मिथेनचीही तपासणी करावी. अमेरिकेतील प्रचलित संकेतानुसार मिथेन लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास चिंता नसते, १० ते २८ पर्यंत लक्ष ठेवावे लागते आणि २८ च्या वर गेल्यास तत्काळ उपाय योजावे लागतात. पाण्यातून सुटलेला मिथेन बंदिस्त जागेतील हवेत ५ ते १५ टक्के झाला, तर ठिणगीने स्फोट होतो. म्हणून झाकलेल्या विहिरीस हवा जाण्यास वाट असावी.

४. जनसुनावणीत मोघम हरकत न घेता नेमके प्रश्न विचारावेत. मधल्या अपार्य थराची जाडी किती ठिकाणी मोजली? आवरणनळीचे सिमेंट कोणत्या खोलीपर्यंत आहे व त्याची चाचणी कोण करणार? उपसलेले पाणी व उरलेले मीठ कोठे जाणार? शेजारच्या अन्य कंपनीच्या कूपांचा एकत्रित परिणाम धरला आहे काय? पातळी किती खाली गेली म्हणजे भरपाई मिळेल?

५. निरीक्षण विहिरींच्या नोंदी गावात, सर्वांना वाचता येतील अशा ठिकाणी, मराठीत वा स्थानिक भाषेत लावण्याचा आग्रह धरावा.

समारोप

वायूचा कूप वीस-पंचवीस वर्षे चालतो. गावाची विहीर पिढ्यान् पिढ्या चालावयाची असते. दाबातील घट उत्पादन थांबल्यावरही दीर्घ काळ पसरत राहते आणि काही जलधरांत पातळीची सर्वाधिक घट त्यानंतरच येते. म्हणून कंपनीचे काम संपल्यावर निरीक्षण कोण करील व भरपाईचा निधी कोठून येईल, याची तरतूद परवाना देतानाच व्हावयास हवी. इंधन व पाणी यांपैकी एकाचीच निवड करावी, असा हा प्रश्न नाही. आधी मोजावे, मग खणावे आणि खणल्यानंतरही मोजत राहावे, हा क्रम शासन, उद्योग व ग्रामस्थ या तिघांनी पाळला, तर दोहोंचा मेळ घालता येणे शक्य आहे. यातील पहिले पाऊल, म्हणजे गावातील विहिरींची नोंद, कोणाच्याही परवानगीवाचून आजच सुरू करता येण्याजोगे आहे.